गळका पॉड आणि न कोमेजणारा गुलाब

गळक्या वस्तूचा स्तेर्गिओसला भयंकर राग. नळ गळो, बसचा रेडिएटर गळो, शेजारच्याचं छप्पर गळो, हा माणूस आधी पाना शोधणार आणि मगच जेवायला बसणार. अशा माणसाच्या नशिबी सिगारेटऐवजी वाफ ओढायचा गळका पॉड यावा, आणि तोही भर चर्चमध्ये गळावा, ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. गावातले काही लोक अजून त्याला बोल लावतात. लावोत बापडे. पण त्या गळतीच्या जोरावर ज्यांनी चांदीचे दिवे घडवायला टाकले होते, त्यांनी तरी तोंड बंद ठेवावं.

स्तेर्गिओस लारिसाच्या बसचा ड्रायव्हर. सकाळी गावातून निघायचं, किनाऱ्याने व्होलोस गाठायचं, तिथून सपाटीवरून लारिसा, आणि दुपारनंतर परत. ही झाली पोटाची नोकरी. गावात त्याला मान आहे तो गळ्याचा. आमच्या चर्चमध्ये गायकांची दोन उंच मेजं आहेत, एक डावं आणि एक उजवं. उजव्या मेजावर उभा राहतो तो मुख्य गायक. ती जागा स्तेर्गिओसच्या बापाची होती, बाप गेल्यावर ह्याची झाली. पाद्रीबुवांचा आवाज असा की पहिल्या रांगेच्या पुढे जात नाही. देवाचं जे काही गावाच्या कानावर पडतं ते स्तेर्गिओसच्या गळ्यातून, असं लोक उघड म्हणतात आणि पाद्रीबुवा ऐकून घेतात.

पण ड्रायव्हर म्हटला की सिगारेट आलीच. थांबा आला की एक, डिझेल भरताना लांब जाऊन एक, लारिसाला पोचल्यावर कॉफीबरोबर दोन. गेल्या हिवाळ्यात एका बारशाला गाताना त्याचा आवाज मधेच चिरकला. लहान मूल दचकून रडायला लागलं आणि डाव्या मेजावरचा गायक, जो एरवी औषधांचं दुकान चालवतो आणि बेडकासारखा गातो, तो गालात हसला. स्तेर्गिओसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच दिवशी त्याने व्होलोसच्या डॉक्टरीणबाईंना घसा दाखवला. त्यांनी आत आरसा घालून बघितलं आणि सरळ सांगितलं, गाणं की सिगारेट ते ठरवा. त्याने भीत भीत वाफेच्या यंत्राचं विचारलं. त्या म्हणाल्या, तेही नकोच, पण सिगारेट सुटत नसेल तर ते घ्या आणि मग तेही सोडा.

झालं, स्तेर्गिओस पान्देलिसच्या दुकानात जाऊन उभा राहिला. हा पान्देलिस म्हणजे बस स्टँडसमोर व्हेपचं, म्हणजे ह्याच वाफेच्या यंत्रांचं, दुकान घातलेला एक गुळगुळीत तोंडाचा पोरगा. त्याने आधी ओढून फेकून द्यायची प्लास्टिकची कांडी पुढे केली. स्तेर्गिओस भडकलाच. बॅटरी चांगली, नळी चांगली, फक्त रस संपला म्हणून अख्खी वस्तू कचऱ्यात? उद्या डिझेल संपलं म्हणून मी बस समुद्रात ढकलू का, असं त्याने विचारलं. मला पुन्हा पुन्हा भरता येईल असं दे, म्हणाला. पान्देलिसने मग काचेच्या कपाटातून भरायचे पॉड काढले, आणि तिथून स्तेर्गिओसच्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो आजतागायत.

पहिला पॉड लायटरएवढा सडसडीत. बटण नाही, दिवा नाही, आवाज नाही, नुसता ओढला की चालू. दिसायला राजबिंडा. पण भरायची जागा बाजूला, आणि तिच्यावर रबराचं एवढंसं बूच. बसचं इंजिन थरथरलं की हा पठ्ठ्या कोणी न ओढताच खिशात चालू व्हायचा. एकदा चढावर स्तेर्गिओसच्या मांडीला असा चटका बसला की मागच्या बायकांनी त्याच्या तोंडून जे ऐकलं ते चर्चच्या गायकाला शोभणारं नव्हतं.

दुसरा पॉड बटणाचा, जाडजूड, वरून भरायचा. खाली पडला तरी ढिम्म. पण टाकी काळीकुट्ट, आत रस किती उरलाय ते काही दिसत नाही. संपत आला की आतला कापूस जळायचा आणि जळक्या बोळ्याची चव घशात जायची. ज्या घशासाठी हा सगळा खटाटोप, त्याच घशाला धूर. माणसासाठी बनवलंय की माणसावर सूड घ्यायला, असं तो पान्देलिसला सगळ्या गिऱ्हाइकांदेखत विचारून आला. तिसऱ्याची टाकी स्वच्छ, रस तापवणारी तार, म्हणजे कॉइल, वेगळी काढून बदलता येते, हवा हवी तेवढी सैल किंवा आवळ. तो मात्र चांगला होता. पण आकाराने हा एवढा, आणि ओढला की गुरगुरणार. बसमध्ये चालेल, घरी चालेल, पण चर्चच्या शांततेत कसा नेणार?

बसमधली माणसं तर ह्यात इतकी रंगली की लारिसा कधी आलं ते कळायचं नाही. मागच्या बाकावरचा सोल्जर म्हणायचा बटणवालाच खरा, कोबी घेऊन जाणारी बाई म्हणायची माझ्या जावयाचा तर दोन वर्षं टिकला, आणि ज्याने जन्मात काही ओढलं नाही असा एक मास्तर कॉइलवर व्याख्यान द्यायचा. स्तेर्गिओस सगळ्यांशी भांडायचा. शेवटी त्याने वाटणी केली. बसला बटणवाला, घरी गुरगुरणारा, आणि चर्चला तो सडसडीत, कारण त्याला ना आवाज ना उजेड. चर्चमध्ये थरथर नाही म्हणजे तो आपोआप चालूही होणार नाही, असा त्याने हिशेब केला. बूच मात्र तो विसरला.

आणि रस घेतला गुलाबाचा. तंबाखूच्या चवीने सिगारेटची आठवण यायची, पुदिन्याने खोकला. त्याची बायको आर्गीरो दर मे महिन्यात गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरंबा घालते. त्याची चव त्याला लहानपणापासून आवडते, म्हणून गुलाब. एवढी साधी गोष्ट. तो काही देवासमोर झुरके घेत नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर लोकांनी तोंडाला येईल ते म्हटलंय. पाद्रीबुवांचं प्रवचन सुरू झालं की तो मागच्या दाराने अंगणात सरूच्या झाडाखाली जायचा, दोन झुरके घ्यायचा आणि परत यायचा. गायकाच्या काळ्या झग्याला धड खिसा नसतो, म्हणून पॉड मेजाच्या खालच्या फळीवर, जुन्या पोथ्यांच्या मागे, आडवा ठेवायचा. तिथेच ठेवून घरी जायचा.

ते मेज उभं आहे एका खांबाला टेकून. आणि त्याच खांबावर आमच्या मरियामातेची तसबीर आहे, हातात फूल घेतलेली. तिला आम्ही न कोमेजणारा गुलाब म्हणतो. फार जुनी तसबीर, खाली अखंड दिवा, येता जाता प्रत्येक जण तिची काच चुंबतो. आता कळलं पुढे काय झालं असणार ते?

ईस्टरच्या आधीचा मोठा उपास सुरू होता. त्या दिवसांत दर शुक्रवारी संध्याकाळी मरियामातेची स्तोत्रं असतात आणि गाव लोटतं. एवान्थिया मावशी नेहमीसारखी सगळ्यात आधी आली. ही मावशी म्हणजे स्तेर्गिओसच्या आईची जिवाभावाची मैत्रीण. आई गेल्यापासून त्याचा गायनाचा झगा हीच इस्त्री करते, आणि सुरकुती दिसली तर त्यालाच दोष देते. मावशीच्या हृदयाची एक झडप आखडत चालली होती. चार पायऱ्या चढली की ओठ निळे पडायचे. लारिसाच्या मोठ्या दवाखान्यात तिची शस्त्रक्रिया ठरली होती, आणि तिची मुलगी मेल्पो रोज दिवस मोजत होती. मावशीने त्या शुक्रवारी तसबिरीला ओठ टेकवले आणि ती तिथेच थिजली. मग वळून म्हणाली, मरियामातेच्या तसबिरीला गुलाबाचा वास येतोय.

पाठोपाठ दुसरी गेली, तिलाही आला. तिसरी तर रडायलाच लागली. पाद्रीबुवा स्वतः आले, वाकले, आणि त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. देवाच्या तसबिरीला सुवास सुटणं ही काय साधी गोष्ट आहे? पुढच्या शुक्रवारी व्होलोसहून गाड्या आल्या. जे लोक लग्नाखेरीज चर्चची पायरी चढले नव्हते ते रांगेत उभे. चर्चच्या मंडळाच्या अध्यक्षांनी तसबिरीसाठी चांदीचे दिवे घडवायला टाकले आणि त्यांवर कुणाकुणाची नावं कोरायची ह्यावरून मंडळात जुंपली. देव राहिला बाजूला, ह्यांची नावं पुढे. ऐकूनच अंगाचा तिळपापड होतो.

आणि स्तेर्गिओसला वास येईना. त्याने तसबिरीच्या काचेला नाक लावलं, डोळे मिटले, काही नाही. इतकी वर्षं सिगारेटने मेलेलं नाक, त्यात दिवसभर तोंडात तोच गुलाब, येणार कुठून? पण त्याला वाटलं, सगळ्या गावाला मिळालं आणि आपल्यालाच नाही. मरियामाता आपल्याशी बोलत नाही, असं तो आर्गीरोला म्हणाला आणि हलव्याची बशी पुढे सरकवून उठला. एवढा धिप्पाड माणूस, त्या रात्री पोरासारखा रडला. त्यानंतरच्या शुक्रवारी तो असा गायला की डाव्या मेजावरचा बेडूकसुद्धा गप्प झाला.

एकीकडे पान्देलिसशी त्याचं भांडण चालूच होतं. चर्चमधला पॉड दर वेळी रिकामा सापडायचा. दोन झुरके घेतो आणि टाकी कोरडी, रस पितो कोण, असं तो दुकानात ओरडला. पान्देलिस म्हणाला, काका, माणूस वाटतं त्यापेक्षा जास्त ओढतो, सगळेच म्हणतात असं. स्तेर्गिओसने त्याला खोटारडा म्हटलं, नवी बाटली घेतली आणि पॉड पुन्हा काठोकाठ भरला. असं प्रत्येक शुक्रवारी.

मग एका सकाळी मेल्पो बसमध्ये चढली ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर येऊन बसली. व्होलोसला बस रिकामी झाल्यावर म्हणाली, आईने शस्त्रक्रियेला नाही म्हणून सांगितलंय. मरियामातेने मला आधी बोलावलं, सगळ्यांच्या आधी मला वास दिला, आता डॉक्टर कशाला चिरतील मला, असं ती म्हणते. डॉक्टरांनी फोनवर मेल्पोला सांगितलं होतं की उन्हाळा काढणार नाहीत त्या. सोमवारची खाट राखून ठेवली होती, ती सोडली तर पुन्हा कधी मिळेल सांगता येत नव्हतं. तू सांग ना तिला, तुझं ऐकते ती, म्हणून मेल्पोने त्याचा हात धरला. स्तेर्गिओस काय सांगणार? खुद्द मरियामातेच्या विरुद्ध कुणी काय सांगायचं?

त्याच संध्याकाळी तो नवीन स्तोत्राचा सराव करायला चर्चमध्ये गेला. चर्च रिकामं होतं. बापाची जुनी पोथी हवी म्हणून त्याने खालच्या फळीत हात घातला, तर पोथी निघेना. ओढली तर चिकट आवाज करत सुटली. पुठ्ठा भिजलेला, पानं एकमेकांना डकलेली. मागे पॉड आडवा पडलेला, बाजूचं बूच अर्धवट वर आलेलं, आणि खालची फळी तेलकट काळी. तिथून एक ओघळ लाकडाच्या चिरेतून खांबावर, खांबावरून थेट तसबिरीच्या चौकटीमागे, दिव्याच्या उबेत. स्तेर्गिओसने बोट लावलं, जिभेला टेकवलं. गुलाब. आर्गीरोच्या मुरंब्याचा गुलाब.

तो तिथेच पायरीवर बसला. आधी आठवली मावशी, आणि मग जो संताप आला तो सगळ्यांवर आला. बूच करणाऱ्या कारखान्यावर, पान्देलिसच्या गुळगुळीत तोंडावर, स्वतःच्या मेलेल्या नाकावर, आणि सगळ्यात जास्त त्या रात्रीच्या आपल्या रडण्यावर.

तसाच तो पाद्रीबुवांकडे गेला. योगायोगाने अध्यक्षही तिथेच कॉफी पीत बसले होते. स्तेर्गिओसने पॉड टेबलावर आपटला आणि सगळं सांगितलं. पाद्रीबुवा पांढरेफटक पडले. अध्यक्ष मात्र शांत. म्हणाले, ईस्टर होऊन जाऊ दे, मग हळूहळू वास कमी होईल, लोक विसरतील, चर्चची शोभा कशाला करायची? पाद्रीबुवा माणूस वाईट नाही, पण भित्रा. तेही चाचरत म्हणाले की किती वर्षांनी लोक येताहेत, कबुलीला येताहेत, एका बापलेकाचा अबोला सुटला ह्या वासामुळे. स्तेर्गिओसने विचारलं, आणि मावशी? अध्यक्षांनी कॉफीचा घोट घेतला. त्या घोटाचा आवाज स्तेर्गिओस अजून विसरलेला नाही.

तो मावशीच्या घरी गेला. ती खुर्चीत बसून त्याचाच झगा मांडीवर घेऊन बटण लावत होती. त्याने पॉड काढला, तळाशी उरलेल्या रसाचा एक झुरका घेतला आणि वाफ हळूच तिच्याकडे सोडली. मावशीने श्वास घेतला. तिचा चेहरा आधी उजळला, मग तिला त्याच्या हातातली वस्तू दिसली. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. फळी, बूच, ओघळ, सगळं.

मावशीने सुई झग्याला टोचून ठेवली. मग म्हणाली, "मेल्पोने पाठवलं तुला."

"नाही मावशी."

"डॉक्टरकडे न्यायचं म्हणून तुम्ही दोघं मिळून हे नाटक करताय. असल्या पाण्याची बाटली कुठेही मिळते." तिने झगा त्याच्या अंगावर फेकला. "खरं असेल तर मरियामातेसमोर उभा राहून सांग. सगळ्यांदेखत. तुझ्या बापाच्या मेजावरून तू खोटं बोलणार नाहीस, एवढं मला माहीत आहे. इथे माझ्या स्वयंपाकघरात तुझा काय भरवसा?"

आता सांगा, ह्यावर माणसाने काय करावं? घरी येऊन त्याने आर्गीरोला सांगितलं. तिने एकच विचारलं, सांगितल्यावर ती जागा राहील का तुझी? तो म्हणाला, नाही राहणार. आर्गीरोने मग त्याची पांढरी पँट बाहेर काढून ठेवली, जी तो फक्त मोठ्या सणाला घालतो.

शुक्रवारी चर्चमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. स्तेर्गिओसने शेवटच्या ओळीपर्यंत स्तोत्र गायलं, एक सूर इकडचा तिकडे नाही. पाद्रीबुवा आशीर्वाद देणार, तेवढ्यात त्याने हात वर केला. अध्यक्ष पहिल्या रांगेतून उठले, पण बसच्या ड्रायव्हरचा आवाज दाबायचा कुणी?

"हा वास माझा आहे," तो म्हणाला. "ही वस्तू गळते. ह्या फळीवरून गळते. मरियामातेने काही केलेलं नाही, मी केलंय. ज्यांनी तिच्या भरवशावर दवाखाना सोडला असेल, त्यांनी ते तिच्यावर ढकलू नये." आणि त्याने पॉड मेजावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

त्यानंतर जो गदारोळ झाला तो चर्चने कधी पाहिला नसेल. कुणी त्याला भ्रष्ट म्हणालं, कुणी बाटगा, कुणी म्हणालं ह्याला सैतानाने बोलायला लावलं. ज्या बाईच्या पोराच्या लग्नात तो फुकट गायला होता तीच त्याच्या तोंडावर थुंकायची बाकी होती. गंमत बघा, पॉड ज्याने विकला तो पान्देलिस मागे उभा राहून मान हलवत होता, जणू ह्याचा त्याचा काही संबंधच नाही. अध्यक्षांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की ह्यापुढे उजव्या मेजावर डावा गायक उभा राहील. आणि चांदीच्या दिव्यांचं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. मावशी आपल्या खुर्चीत ताठ बसून होती. तिने स्तेर्गिओसकडे बघितलंसुद्धा नाही. तो झगा घडी करून मेजावर ठेवून गर्दीतून बाहेर पडला.

सोमवारी सकाळी तो बस घेऊन चौकात आला तेव्हा त्याचं डोकं तापलेलंच होतं. थांब्यावर मेल्पो उभी होती, हातात पिशवी. आणि तिच्या बाजूला मावशी, काळा कोट, डोक्याला रुमाल, ओठ निळे. पायरी चढताना दोनदा थांबली. स्तेर्गिओस मदतीला उठला तर तिने हात झटकला. ती अगदी मागच्या बाकावर जाऊन बसली. त्या दिवशी बसमध्ये कुणी कॉइलवर बोललं नाही, मास्तरसुद्धा नाही.

लारिसाच्या दवाखान्यापाशी बसचा थांबा नाही. स्तेर्गिओसने थांबवली. मागून एका मोटारवाल्याने भोंगा वाजवला, त्याला त्याने खिडकीतून असं काही सांगितलं की तो गप्प झाला. मावशी दांडा धरत धरत पुढे आली, दाराशी थांबली आणि तिने तळहात पुढे केला.

"दे इकडे ते."

"काय?"

"खिशातलं. बटणवालं. आणि घरी असेल ते मेल्पोकडे पाठव."

त्याने निमूट काढून दिलं. मावशीने ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन लावली.

"मी परत येईपर्यंत माझ्याजवळ राहील. पाद्रीबुवांना काल घरी बोलावून घेतलं होतं, उजवं मेज तुझंच राहील असं त्यांना सांगितलंय मी. ईस्टरच्या आधीच्या मोठ्या शुक्रवारी त्या बेडकाचं ऐकायला मी छाती फाडून घेणार नाही. गळा स्वच्छ ठेव. झग्याची बाही उसवली आहे, आल्यावर शिवते."

मेल्पोच्या खांद्यावर हात ठेवून ती दवाखान्याच्या दारातून आत गेली. स्तेर्गिओसने सवयीने खिसा चाचपला, तो रिकामा होता. मागे पुन्हा भोंगा वाजला. त्याने कुणावर चिडावं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने गाडी गिअरमध्ये टाकली.